कपाळाऐवजी मनगट

कुदुस गावाबाहेरचा लवंगेच्या सिगरेटींचा कारखाना साथीमुळे बंद पडला होता. ईद झाल्यावर तो पुन्हा उघडायचं ठरलं आणि फाटकावर कुणाला उभं करायचं याची चर्चा सुरू झाली. येणाऱ्या प्रत्येक बाईचा ताप बघायचा, खोकला असेल तर विचारायचं आणि आजारी दिसली तर गोड बोलून घरी परत पाठवायचं, असं ते काम होतं. ‘गोड बोलून’ हे शब्द साहेबांचे. साहेब म्हणजे पाक सुगेंग, कारखान्याचा सगळा कारभार बघणारे. पाक म्हणजे आमच्याकडे राव. त्यांनी वार्सिनीचं नाव घेतलं आणि कुणीच ना म्हटलं नाही.

ना कोण म्हणणार? वार्सिनीनं जन्मात कुणाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेली, बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. वाटेत कुणी वडीलधारं बसलेलं असलं की कमरेत वाकून, एक हात जमिनीकडे सोडून ‘माफी असावी, माफी असावी’ म्हणत पुढे जायची. आमच्याकडे सगळेच असे वाकतात, पण वार्सिनी वाकली की ही आता सरळ होते की नाही अशी काळजी वाटायची. अशी बाई फाटकावर असली म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही, एवढा विचार सगळ्यांनी केला. हिला ताप सापडेल का, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

नर्स बू एन्दानं, म्हणजे एन्दाबाईंनी, तिला ताप मोजायचं पिस्तूल हातात दिलं. परगावची, शिकलेली, चटपटीत पोर. म्हणाली, “बू वार्सिनी, हे कपाळासमोर धरायचं. मनगटावर नाही. आत्ताच्या दिवसांत सकाळी सायकलवरून आलेल्या बाईचा हात गारठलेला असतो, त्यावर ताप कळत नाही. लक्षात आलं?”

“हो बू.”

“कपाळ.”

“हो बू, कपाळ.”

आमच्याकडे ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’. ‘करीन’ असा त्याचा अर्थ लावणारा माणूस हमखास परगावचा असतो. बू एन्दा समाधानानं निघून गेली.

पहिल्याच सकाळी पंचाईत झाली. तरण्या पोरी हसत-खिदळत आल्या. “पिस्तूल रोखतेस तर आधी शेवटची इच्छा तरी विचार ना गं म्बाक वार्सी,” असं म्हणत एकीनं कपाळ पुढे केलं आणि मागच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. म्बाक म्हणजे ताई म्हणणाऱ्या त्या पोरींच्या कपाळावर पिस्तूल धरताना वार्सिनीला काही वाटलं नाही. पण मग आल्या जुन्या बायका. त्यांच्यातल्या कित्येकींनी तिला लग्नाआधी पाहिलेलं, कुणी तिच्या बाळंतपणात रात्र जागून काढलेली. वडील माणसाच्या डोक्याजवळ हात न्यायचा म्हटलं तर आमच्याकडे न्हावीसुद्धा आधी माफी मागतो, आणि हिनं त्या डोक्यावर पिस्तूल रोखायचं होतं. पहिलीच आजी समोर आली आणि वार्सिनीचा हात खांद्यापर्यंत जाऊन तिथेच अडकला. आजीलाही ते कळलं. तिनं मुकाट्यानं मनगट पुढे केलं. दोघींची सुटका झाली.

तेव्हापासून तसंच चालू झालं. पोरींचं कपाळ, वडीलधाऱ्यांचं मनगट. बू एन्दानं एकदा पाहिलं आणि चांगली झाडली. वार्सिनी खाली मान घालून “हो बू” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मनगट. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. वार्सिनीच्या घरी तर ती सासरी परत न गेलेल्या माहेरवाशिणीसारखी कायमची येऊन राहिली होती.

या जुन्या बायकांत यू पाइना होती. यू म्हणजे थोरली बहीण. नात्यानं नव्हे, मानानं. कारखान्यात बायका जोडीनं बसतात. एक वळणारी, एक कातरणारी. वळणारी लाकडी साच्यावर तंबाखू पसरून कागदात वळते, कातरणारी तिच्या शेजारी बसून कात्रीनं दोन्ही टोकं सारखी करते. एक आली नाही की दुसरीचे हात रिकामे. वार्सिनी पोरसवदा होती तेव्हा यू पाइनाच्या शेजारी कातरायला बसली आणि कितीतरी वर्षं तिथून हलली नाही. सुरुवातीला तिची कात्री वेडीवाकडी चालायची. मुकादमीण तपासायला आली की यू पाइना आधीच म्हणायची, “माझ्याच हातून वाकडं वळलं गेलं, पोरीला बोलू नका.” आणि मुकादमीण पुढे सरकली की दातओठ खात, “गधडे, ते टोक आहे, उंदराची शेपटी नाही. परत कर.” असं तिचं प्रेम. वार्सिनीला आई लवकर गेली होती. त्या जागी कोण होतं हे सांगायला नको.

पुढे वार्सिनीला तपासनीस केलं आणि यू पाइनाशेजारी मुर्नी आली. अंगानं काडी, कमी बोलणारी, घरी एकटा म्हातारा बाप. साथीनंतर कारखाना उघडला तेव्हा दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा लावला होता आणि खालून वळलेल्या सिगरेटी सरकवायला फट ठेवली होती. यू पाइना म्हणायची, “तुरुंगातल्या नवऱ्याला भेटायला आल्यासारखं वाटतं गं मुर्नी.”

कोरड्या ऋतूत आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते. अशाच एका सकाळी यू पाइना सायकल लावून फाटकाकडे आली ती जरा अडखळतच. मास्कच्या वरचे डोळे जड दिसत होते. आणि ती जवळ येताच बामचा भपकारा आला. अंगात वारा शिरला की आमच्याकडे आधी नाण्यानं पाठ आणि मान लाल होईस्तोवर खरवडतात, वर बाम चोळतात, डॉक्टर त्यानंतर. तिच्या डोक्यावरचा रुमाल जरा सरकला होता आणि मानेवरचे लाल पट्टे वार्सिनीला दिसले.

“बरं नाही का यू?”

“वारा शिरलाय जरासा. सुनेनं खरवडलंय, उतरेल.” आणि वार्सिनीनं काही करायच्या आत तिनं मनगट पुढे केलं.

बू एन्दाचे शब्द वार्सिनीला आठवत होते. अगदी स्पष्ट आठवत होते, हे पुढे तिला स्वतःशी कधीच नाकारता आलं नाही. तिनं पिस्तूल वर उचललं. मागे रांग थांबली होती. घरी परत पाठवलेल्या बाईकडे गावात लोक बोट दाखवत, पाववाला तिच्या दारावरून पायडल मारत पुढे निघून जाई. यू पाइनानं वर पाहिलं. त्या नजरेत नेहमीचा दरारा नव्हता, विनवणी होती. यूनं कधी कुणापुढे पदर पसरलेला वार्सिनीनं पाहिला नव्हता. तिनं पिस्तूल खाली घेतलं आणि मनगटावर धरलं. मनगट थंडगार. आकडा आला तो ठणठणीत बाईचा.

“छान आहे यू,” वार्सिनी म्हणाली. “जा आत.”

तो ‘छान’ तिचा तिलाच टोचला. त्याची काही गरज नव्हती.

यू पाइनानं त्यानंतर दोनदाच कामावर तोंड दाखवलं आणि अंथरूण धरलं. मग मुर्नी पडली. मग तिच्या मागच्या बाकावरच्या, मग पलीकडच्या. कारखाना पुन्हा बंद झाला. यू पाइनाला गावच्या शाळेत वेगळं ठेवलं, तिथे ती हळूहळू सावरली. मुर्नीही उठली. पण मुर्नीनं दुखणं घरी नेलं होतं, आणि तिचा बाप त्यातून उठला नाही. त्याला लेकीच्या हातची शेवटची अंघोळ मिळाली नाही, पांढऱ्या कपड्यातल्या परक्या माणसांनी पुरलं. माणूस गेला की आमच्याकडे सात संध्याकाळी शेजारीपाजारी घरात बसून प्रार्थना म्हणतात, चहा पितात, मागे राहिलेल्याला एकटं पडू देत नाहीत. मुर्नीच्या घरी कुणी फिरकलं नाही. तिनं एकटीनं चटई अंथरली आणि एकटीनंच गुंडाळली.

मग गावानं दोषी शोधला. नळावर, दुकानात, भिंतीच्या अलीकडून पलीकडे एकच बोलणं. “फाटकावर ताप निघाला नाही ना? मग म्हातारीनं गोळी घेऊन दाबला असणार. अशा बायांना मुर्नीच्या बापाचं काय? वार्सिनी बिचारी काय करणार, तिनं तर तपासलं होतं.” हे वार्सिनीच्या तोंडावर बोलायचे, तिला धीर द्यायला. पहिल्यांदा ती म्हणाली, “नाही, तसं नाही ते.” पण इतक्या हळू म्हणाली, की ते कळशीत पडणाऱ्या पाण्यात बुडून गेलं. दुसऱ्यांदा तिनं तेवढंही म्हटलं नाही.

नवरा म्हणाला, “यंत्रानं सांगितलं ना बरी आहे म्हणून? मग तू कशाला झुरतेस?” तिनं भाताचं ताट पुढे सरकवलं आणि उठून गेली. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की घरात केस विंचरतानाही ती आरशाकडे पाठ करायची. चूक तर झालीच होती. पण चुकीचा बोभाटा दुसरीच्या नावानं होतोय आणि आपण मान खाली घालून सहानुभूती गोळा करतोय, हे तिला जास्त लागत होतं. जनाची लाज तिनं आयुष्यभर सांभाळली होती. मनाची लाज काय चीज असते ते तिला आत्ता कळलं.

कारखाना पुन्हा उघडायची वेळ आली. प्रत्येक वळणारीला शेजारी कोण बसणार हे ठरत होतं. यू पाइनाशेजारी बसायला कुणी तयार होईना. पाक सुगेंग म्हणाले, “यूंना काही दिवस आराम करू दे.” आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला कुणी कामावरून काढत नाही, आराम करायला सांगतात, आणि तो आराम कधी संपत नाही.

वार्सिनी त्या दुपारी यू पाइनाकडे गेली. ती मागच्या अंगणात बसून कसावाचे कंद सोलत होती. खूप वाळली होती.

“बस खाली. वर बघून मान दुखते माझी.”

वार्सिनी बसली. मग म्हणाली, “यू, मी कपाळावर धरायला हवं होतं.”

“मी हात पुढे केला होता.”

“मला वास आला होता. पट्टे दिसले होते.”

“तू आंधळी नाहीस, ठाऊक आहे मला.” यू पाइनानं साल टोपलीत टाकलं. “मला वाटलं खरंच वारा आहे. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. घरी बसले तर मुर्नीचाही दिवस बुडतो म्हणून आले. काय केलं मी तिचं, बघ.”

“मी सांगते सगळ्यांना. तुम्ही गोळी घेतली नव्हती, मीच नीट बघितलं नाही.”

“आणि? म्हणजे मी चोर आणि तू दार उघडून देणारी.” तिचा जुना आवाज क्षणभर परत आला. “गप्प बस गधडे. एकीचं तोंड काळं झालंय, दोघींचं कशाला? मी म्हातारी आहे, माझं चालून जाईल.”

पुन्हा तेच. ‘माझ्याच हातून वाकडं वळलं, पोरीला बोलू नका.’ वार्सिनीला तिथे बसवेना. वाईट याचं वाटलं, की हे ऐकून तिच्या मनात कुठेतरी हलकं झालं होतं. यूनंच सांगितलंय गप्प बस म्हणून, असं एक मन म्हणत होतं. त्या मनाची किळस येऊन ती उठली आणि तशीच पाक सुगेंग यांच्याकडे गेली.

त्यांच्यासमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. बाम, पट्टे, गार मनगट. पाक सुगेंग यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांचे डोळे ओलावले.

“बू वार्सिनी,” ते म्हणाले, “आपल्या जुन्या जोडीदारणीसाठी माणूस किती करतं. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.”

“नाही पाक, हे खरं आहे.”

“हो हो, समजलं मला.” आणि त्यांनी तिला कोमट चहा पाजून परत पाठवलं.

नळावर तिनं बायकांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या, एकमेकींकडे पाहिलं. ती पाठमोरी झाल्यावर एक म्हणाली, तेही तिला ऐकू आलं, “बघा, यूची अब्रू वाचवायला स्वतःवर ओढून घेतेय. सोनं आहे बाई, सोनं.” आयुष्यभर वाकून वाकून जो चांगुलपणा तिनं जमवला होता, तो आता भिंतीसारखा आडवा आला. खरं बोललं तरी लोकांना तो तिचा आणखी एक नमस्कारच वाटत होता. आणि यू पाइना लोकांच्या लेखी होती तिथेच, गोळी खाऊन ताप लपवणारी.

उरली मुर्नी. सगळ्यात आधी जिच्याकडे जायला हवं होतं, तिच्याकडे वार्सिनी सगळ्यात शेवटी गेली.

मुर्नी ओट्यावर मिरच्या वाळत घालत होती. वार्सिनी अंगणातच उभी राहिली, मुर्नीनं वर या म्हटलं तरी गेली नाही. उभ्यानंच सांगितलं. मुर्नीचे हात थांबले नाहीत. एकेक मिरची ती वेगळी करत राहिली.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“बाम. प्लास्टिकमधूनसुद्धा वास येत होता. दुपारपर्यंत यूचे हात थरथरायला लागले. सैल वळत होती, मीच कातरून कातरून सारखं करत होते.” मुर्नीनं मान वर केली. “थोरल्या बाईला ‘तुम्ही आजारी आहात, उठा’ असं कसं म्हणायचं? म्हटलंच नाही मी. संध्याकाळी घरी आले आणि बापाला जेवायला वाढलं.”

रस्त्यावरून गेलेल्या बाईनं लांबूनच हाक मारून विचारपूस केली, दोघींनी सवयीनं गोड उत्तर दिलं.

“यूला बोलवा कामावर,” मुर्नी म्हणाली. “मी बसते तिच्याशेजारी. मी बसले की बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही. बाप माझा गेलाय, त्यांचा नाही.”

वार्सिनी अंगणातल्या मातीत गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि आमच्याकडे ईदला क्षमा मागताना म्हणतात ते शब्द तिच्या तोंडून बाहेर पडायला लागले. “मुर्नी, माझ्या हातून जे झालं त्याची आतून-बाहेरून—”

“थांबा.”

मुर्नी ओट्यावरून उतरली होती. रागावलेली दिसत नव्हती. थकलेली दिसत होती.

“मागू नका, म्बाक. क्षमा मागितली की द्यावी लागते. नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही. तुम्ही मागाल, मी दिली म्हणेन, तुम्ही मोकळ्या होऊन घरी जाल. आणि माझ्याकडे ती अजून नाहीये. नसलेली वस्तू कुठून देऊ?”

वार्सिनीनं जोडलेले हात सोडले. उरलेले शब्द तिनं गिळले. उठताना तोल गेला, तेव्हा मुर्नीनं तिला सावरायला हात पुढे केला नाही, आणि वार्सिनीला ते बरोबरच वाटलं.

यू पाइना कामावर परत आली. मुर्नी तिच्याशेजारी बसली, आणि मुर्नी म्हणाली होती तसंच झालं. बोलणाऱ्यांची बोलती बंद झाली. फाटकावर वार्सिनी आता सगळ्यांच्या कपाळावर पिस्तूल धरते, आजी असो की नात. एका म्हातारीनं मनगट पुढे केलं तर म्हणाली, “माफी असावी, कपाळ.” म्हातारी रागावली, दोन दिवस बोलली नाही. एकीला कपाळ गरम लागलं म्हणून तिनं भर रांगेतून परत पाठवलं. ती बाई रडत गेली. वार्सिनीनं तेही पाहिलं आणि पुढच्या बाईला जवळ बोलावलं.

पुढच्या ईदनंतर कारखान्यात नेहमीसारखी क्षमा मागायची रांग लागली. हात धरायची बंदी होती, म्हणून सगळ्या लांबूनच हात जोडत होत्या. एकेकीसमोर येऊन, वर्षभरातलं आतून-बाहेरून माफ करा म्हणायचं, समोरचीनं केलं म्हणायचं आणि पुढे सरकायचं. वार्सिनी रांगेत होती. यू पाइनासमोर आली, दोघींनी हात जोडले, यू म्हणाली, “केलं गं, केलं. आता पुढे हो, पाय दुखतात माझे.” पुढची मुर्नी होती. ती हात जोडून उभी होती, कारण सगळ्यांसमोर दुसरं काय करणार? मागितली असती तर तिनं दिली असती.

वार्सिनीनं मान खाली घातली आणि रांगेतून बाहेर पडली. दरवर्षी ती तशीच मुर्नीच्या आधी बाहेर पडते. बायकांच्या ते लक्षात आलंय. त्या म्हणतात, फाटकावर उभी राहिली तेव्हापासून वार्सिनी शेफारलीये, आता हात जोडायलासुद्धा जड जातं तिला.